बंद पडलेल्या प्रकल्पांचं कपाट

आमच्या डिझाइन विभागात शेवटच्या खिडकीजवळ एक राखाडी लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असते. नवीन मुलांना वाटतं, आत जुनी बिलं असतील. आत पंपांचे सुटे भाग आहेत. कधीच बाजारात न गेलेला एक प्लास्टिकचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं फिरतं चाक आहे, दांड्याचा भार पेलणारी पण तडा गेलेली एक थ्रस्ट बेअरिंग आहे, स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचे दाबून केलेले चार बाउल, म्हणजे इम्पेलरभोवतीचे वाटीसारखे भाग आहेत. प्रत्येक वस्तूला सुतळीनं एक लेबल बांधलंय. लेबलवर प्रकल्पाचा नंबर आणि तारीख. ती तारीख प्रकल्प सुरू झाल्याची नाही, बंद केल्याची आहे. आणि प्रत्येक वस्तूखाली एक फाइल.

मी शेतीपंप बनवणाऱ्या एका कारखान्यात वीस वर्षांहून जास्त काळ काम करतेय. सुरुवातीला ड्रॉइंग काढली, नंतर नवीन प्रॉडक्ट आणण्याची जबाबदारी आली. म्हणजे कल्पना कागदावर आल्यापासून पहिला ट्रक गेटबाहेर पडेपर्यंत जे काही होतं, किंवा होत नाही, त्याचा हिशेब माझ्याकडे. या कामात एकच प्रश्न सगळे विचारतात : यंदा किती नवीन मॉडेलं आली? किती बंद केली आणि का, हे मला आजवर फार थोड्यांनी विचारलं. मला मात्र त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दलच लिहायचंय, कारण माझं शिक्षण त्या कपाटात झालंय.

त्यातले स्टीलचे चार बाउल माझ्या प्रकल्पाचे.

पाच हॉर्सपॉवरचा, बोअरमध्ये सोडायचा सबमर्सिबल पंप. आमचं जुनं मॉडेल बिडाचं, जड आणि टिकाऊ, पण वीज जास्त खाणारं. ब्युरो ऑफ एनर्जी इफिशियन्सीची स्टार लेबलं पंपांवर दिसू लागली होती आणि वरच्या साहेबांना पाच स्टारचा पंप हवा होता. कार्यक्षमता वाढवायचे दोन मार्ग आम्ही एकदम धरले. पंपात फिरणारा भाग आणि स्थिर भाग यांच्यातली फट कमी केली, म्हणजे वर ढकललेलं पाणी त्या फटीतून मागे गळणार नाही. आणि मोटर नव्यानं डिझाइन केली. टेस्ट बेडवर पहिला नमुना चालवला तेव्हा आकडे बघून आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. इतके चांगले आकडे आमच्या कारखान्यात कुणी पाहिले नव्हते.

टेस्ट बेडवर एक ज्येष्ठ मेकॅनिक होते. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. शिक्षण आयटीआयचं, पण पंप सुरू झाल्यावर पाइपला हात लावून ते आत काय चाललंय ते सांगायचे. त्यांनी तो नमुना उघडला, फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी घातली आणि म्हणाले, ‘‘मॅडम, हा पंप आपल्या टाकीतल्या पाण्यावर चालेल. गावच्या पाण्यावर नाही चालायचा.’’

मी विचारलं, का?

‘‘वाळू जायला जागा कुठंय?’’

हे मी ऐकलं. वहीत लिहूनसुद्धा घेतलं. पण पुढच्या गुरुवारी गेट रिव्ह्यू होता, आणि त्या बैठकीच्या स्लाइडवर ते वाक्य गेलं नाही. हे मला इथे स्पष्ट लिहायचंय. ते कुणी दाबलं नाही. मीच ठेवलं नाही. कारण त्याच्यापुढे आकडा नव्हता आणि बाकी सगळ्याच्या पुढे होता.

गेट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. नवीन प्रॉडक्टचं काम टप्प्यांत वाटायचं आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक फाटक ठेवायचं, ही पद्धत कॅनडातले प्राध्यापक रॉबर्ट कूपर यांनी १९८०च्या दशकात मांडली आणि आता ती जगभरच्या कारखान्यांत आहे. आधी कल्पना, मग व्यवहार्यता, डिझाइन, नमुना, चाचणी, उत्पादन. कूपर यांच्या मांडणीत प्रत्येक फाटकापाशी चार उत्तरं शक्य असतात : पुढे जा, थांबून राहा, मागे जाऊन पुन्हा करा, किंवा बंद करा. पद्धत उत्तम आहे, मी आजही तीच वापरते. पण आमच्याकडे त्या चारपैकी एकच उत्तर देण्याची सवय होती. बैठकीला बसताना सगळ्यांना माहीत असायचं की आपण पुढे जाणार आहोत. चर्चा तारखेची व्हायची. फाटक होतं, पण ते कधी लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आता तारखांचं गणित बघा. शेतीपंपाचा हंगाम उन्हाळ्याचा. डीलर जानेवारी-फेब्रुवारीत माल भरतात. म्हणजे उत्पादन डिसेंबरमध्ये सुरू व्हायला हवं. पत्रा दाबायच्या प्रेस टूलला महिने लागतात, म्हणून त्यांची ऑर्डर आधीच्या उन्हाळ्यात द्यायला हवी. आम्ही ती दिली. फील्ड ट्रायल जूनमध्ये सुरू होणार होती, कास्टिंग उशिरा आलं, ती जुलैवर गेली. आम्ही कारखान्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या, ओळखीच्या डीलरांनी सुचवलेल्या सहा विहिरी-बोअरवर पंप सोडले. सप्टेंबरअखेर सहाही पंप ठणठणीत होते. तक्त्यावरचा चौकोन हिरवा झाला.

जुलै ते सप्टेंबर. पावसाळा. त्या दिवसांत शेताला पाणी द्यायला मोटर कोण चालवतं? फीडरवर भार नाही, व्होल्टेज पूर्ण. पाण्याची पातळी वर, बोअर भरलेला, वाळू तळाशी शांत. आम्ही पंपाची परीक्षा अशा तीन महिन्यांत घेतली, ज्यात कुठलाही पंप पास झाला असता. ट्रायलचं कॅलेंडर आमच्या प्रकल्पानं ठरवलं होतं, पाण्यानं नाही. हे वाक्य आज इतकं उघड वाटतं, पण त्या वेळी खोलीत बसलेल्या अकरा शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही तोंडून ते आलं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये पंप परत येऊ लागले. सगळ्यात जास्त रावेर आणि यावलच्या बाजूनं.

मी गेले. जळगावहून पुढे तापीच्या खोऱ्यात शिरलं की दोन्ही बाजूंना केळी. तिथली जमीन म्हणजे नदीनं आणून टाकलेला गाळ. आपल्या दख्खनी काळ्या खडकात बोअर घेतात, तसं ते नाही. गाळातून आणि वाळूच्या थरातून पाणी येतं, आणि पातळी वर्षागणिक खाली गेलेली, त्यामुळे ट्यूबवेल खोल. केळीला मे महिन्यात पाण्याचा खंड चालत नाही. पानं करपतात, घड वाढत नाही, आणि वर्षभराची मेहनत दहा-बारा दिवसांत जाते. ज्यांच्याकडे मी गेले त्या काकांची मोटर तिसऱ्यांदा जळाली होती. दर वेळी पाइप काढणारी टोळी बोलवायची, घोडी उभी करायची, एकेक पाइप सोडवत पंप वर घ्यायचा, तालुक्याला न्यायचा, मोटर भरून, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळून आणायची, परत सोडायचा. यात आठवडा जायचा. त्यांनी मला चहा दिला, बसायला खाट दिली, आणि मग शांतपणे बागेत नेऊन ओळीच्या ओळी दाखवल्या. ‘‘ताई, तुमचा पंप वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण माझ्या इथे कसा चालेल हे तुम्ही कुणाला विचारलं होतं?’’

मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री मी तिथेच थांबले, कारण त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. मोटरवर ऑटो स्विच असतो. लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते, शेतकऱ्याला अंधारात शेतावर जावं लागत नाही. सोय चांगली आहे. पण एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्यांचेच ऑटो असतात, त्यामुळे लाइट येते त्या क्षणी सगळ्या मोटरी एकदम उठायला बघतात. मी मीटर लावून बसले होते. लाइट आली, काटा वर गेला, आणि पुढच्या सेकंदाला कोसळला. ४१५ व्होल्टच्या जागी ३००च्या आसपास.

अशा इंडक्शन मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ४१५चे ३०० झाले की टॉर्क जेमतेम निम्मा उरतो. आणि पंप थांबलेला असताना पाण्यातली बारीक वाळू खाली बसत बसत आमच्या त्या कमी केलेल्या फटीत घट्ट झालेली. म्हणजे पंप फिरायला रोजच्यापेक्षा जास्त जोर लागणार, आणि मोटरकडे रोजच्या निम्मा. ती उठत नाही, जागच्या जागी करंट ओढत राहते, तापते. जुना बिडाचा पंप वीज खायचा, पण त्याच्या ढिल्या फटीतून वाळू निघून जायची. ज्याला आम्ही दोष समजून काढून टाकलं होतं, ती त्या पंपाची तिथे टिकण्याची रीत होती. मामांनी हेच चार शब्दांत सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी मोटर भरणाऱ्याच्या दुकानात गेले. आमच्या धंद्यातल्या प्रत्येक इंजिनिअरनं नोकरीच्या पहिल्या महिन्यात अशा दुकानात बसावं, असं माझं मत आहे. जमिनीवर तांब्याच्या तारेची वेटोळी, कोपऱ्यात सगळ्या कंपन्यांच्या उघडलेल्या मोटरी, आणि भिंतीला टांगलेली एक वही. वहीत गाव, हॉर्सपॉवर, कंपनी, आणि काय झालं होतं ते दोन-तीन शब्दांत. ते मोटर भरणारे मोटर उघडून, गुंडाळीकडे बघून सांगायचे. तिन्ही फेजची गुंडाळी सारखी काळी पडली असेल तर भार जास्त किंवा व्होल्टेज कमी. एकाच किंवा दोनच फेजची जळली असेल आणि बाकीची तांबूस, ताजी दिसत असेल तर एक फेज गेली होती आणि मोटर तशीच चालत राहिली. आमच्या वॉरंटी विभागाच्या फॉर्मवर या सगळ्यासाठी एकच रकाना होता : ‘वाइंडिंग जळाले’. म्हणजे आमच्या संगणकात वर्षानुवर्षं जमलेल्या माहितीपेक्षा त्या वहीत जास्त ज्ञान होतं, आणि ते दुकान आमच्या कारखान्याच्या ‘संशोधन’ या शब्दात कुठेच बसत नव्हतं.

परत आल्यावर मी प्रकल्प बंद करायची शिफारस केली. इथे मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट समोर आली, ती म्हणजे हिशेब.

बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रकल्प बंद केला की खर्च वाचतो. कंपनीच्या पुस्तकात तसं दिसत नाही. हिशेबाच्या मानकांप्रमाणे संशोधनाच्या टप्प्यावरचा खर्च त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवावा लागतो, पण विकासाच्या टप्प्यावरचा खर्च, काही अटी पूर्ण होत असतील तर, मालमत्ता म्हणून ताळेबंदात नेता येतो. मग तो तिथे शांत बसून राहतो. प्रकल्प चालू आहे तोवर ती मालमत्ता. बंद केला, की ती सगळी रक्कम त्या एका वर्षाच्या नफ्यातून वजा. म्हणजे जो अधिकारी खरं बोलून प्रकल्प थांबवतो, त्याच्या वर्षात तोटा दिसतो. जो तो आणखी दोन वर्षं ढकलत नेतो, त्याच्या वर्षात काहीच दिसत नाही. किती कारखान्यांत आत कुणाचाच विश्वास न उरलेले प्रकल्प दर महिन्याच्या अहवालात पिवळ्या रंगात चालत राहतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे. माणसं खोटारडी असतात असं नाही. खरं बोलण्याची किंमत एकाच माणसाच्या नावावर पडते, म्हणून ती थांबतात.

करांच्या बाबतीत उलट अनुभव होता. आयकर कायद्याच्या कलम ३५(२एबी)खाली, मान्यता मिळालेल्या संशोधन विभागाच्या खर्चावर त्या काळी दुप्पट वजावट मिळायची. ती २०१७ मध्ये दीडपट झाली आणि २०२० पासून खर्चाइतकीच राहिली. त्या सवलतीमुळे अनेक मध्यम कारखान्यांनी पहिल्यांदा संशोधनाचं वेगळं रजिस्टर ठेवलं, वेगळी माणसं नेमली. सवलत कमी झाल्यावर काही ठिकाणी ती माणसं पुन्हा उत्पादनाकडे वळवली गेली, हे मी जवळून पाहिलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं. नवीन करण्याची सवय लागायला दहा वर्षं लागतात आणि मोडायला एक बजेट पुरतं.

असो. प्रकल्प बंद झाला. विकलेले पंप आम्ही बदलून दिले. त्या अंतिम बैठकीत मी मामांना बोलावलं होतं. मेकॅनिकनं गेट रिव्ह्यूला बसायची ती पहिली वेळ. फाइलच्या शेवटच्या पानावर दोन मथळे होते, ‘का बंद केला’ आणि ‘काय शिकलो’. मामा म्हणाले, ‘‘अजून एक लिहा मॅडम. कधी चालेल.’’ मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी सांगितलेलं वाक्य मी तसंच उतरवलं : ‘लाइट सरळ मिळाली तर हा पंप चांगला आहे. वाळूच्या जागी मात्र नको.’ खाली त्यांची सही घेतली.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक बंद फाइलला तो तिसरा मथळा असतो.

मधल्या वर्षांत मी आपल्याकडच्या मोठ्या प्रॉडक्टांच्या गोष्टी वेगळ्या नजरेनं वाचायला लागले. महिंद्रांची स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली, पवन गोएंकांच्या नेतृत्वाखालच्या संघानं केलेली. तिच्याबद्दल लोक खर्च किती कमी आला ते सांगतात. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते हे की, डिझाइन, उत्पादन, खरेदी आणि विक्रीची माणसं सुरुवातीपासून एकत्र बसली आणि भाग बनवणाऱ्या पुरवठादारांना ड्रॉइंग झाल्यावर बोलवण्याऐवजी ड्रॉइंग काढतानाच बोलावलं. टाटांच्या ‘एस’चंही तसंच. गिरीश वाघ यांच्या संघानं ती छोटी मालवाहू गाडी आखताना आधी तीन चाकी टेम्पोवाल्यांशी भरपूर बोलून घेतलं. २००५ मध्ये ती आली आणि गल्लीबोळांत ‘छोटा हत्ती’ झाली. तिच्या इंजिनाची गोष्ट मला फार आवडते. इंडिकाचं डिझेल इंजिन चार सिलिंडरचं, १४०५ सीसीचं. ‘एस’साठी त्याचंच अर्धं केलं : दोन सिलिंडर, ७०२ सीसी. हातात असलेल्या ज्ञानाला कुणीतरी नवा प्रश्न विचारला, आणि अर्धं इंजिन हे पूर्ण उत्तर ठरलं.

पण सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती जुनी गोष्ट. पुणे-मिरज मार्गावर किर्लोस्करवाडी स्टेशन लागलं की मी अजून खिडकीबाहेर बघते. औंध संस्थानातल्या त्या उजाड माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसाहत उभी केली. त्याआधीच ते लोखंडी नांगर करत होते आणि नांगर खपत नव्हते. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला वर्षं लागली. त्यांनी जर माझ्यासारखी शिफारस केली असती, की शेतकरी स्वीकारत नाहीत, बंद करा, तर?

हा प्रश्न मी पुष्कळ वर्षं बाळगला. धरून कधी ठेवायचं आणि सोडायचं कधी? नवीन वस्तू करणाऱ्या प्रत्येकाला ही शंका छळते आणि तिचं सूत्र कुठल्या पद्धतीत नाही. माझ्यापुरतं मी एवढं ठरवलंय की, आक्षेप कुठून येतोय ते बघायचं. लोखंडाची भीती माणसाच्या मनात होती. शेजारच्या शेतात खोल नांगरट आणि चांगलं पीक दिसलं की ती एकेक हंगामानं कमी होत गेली. रावेरची वाळू कुणाच्या मनात नव्हती. प्रत्येक हंगामानं ती फटीत आणखी बसत होती. ट्रायलगणिक आक्षेप विरळ होत असतील तर पैसे आणि धीर, दोन्ही मागायला मी वरच्या मजल्यावर जाते. तेच आक्षेप त्याच शब्दांत वेगवेगळ्या गावांतून येत असतील तर मी किल्ली काढते.

यानंतर दोन नियम आम्ही घातले, त्यासाठी भांडावं लागलं. पहिला, सगळ्यात वाईट पाण्यावर आणि सगळ्यात वाईट विजेवर एक पूर्ण उन्हाळा काढल्याशिवाय महागड्या टूलची ऑर्डर जाणार नाही. तोवर नमुने कोरून, वळवून, हातानं करायचे. नग महाग पडतो, पण टूलपेक्षा स्वस्त. विक्री विभाग म्हणाला, एक हंगाम हातचा जाईल. जातो, खरंच जातो. दुसरा नियम, गेट रिव्ह्यूच्या पहिल्या स्लाइडवर आकडे नसतील, टेस्ट बेड, फाउंड्री, असेंब्ली आणि सर्व्हिसच्या एकेका माणसाचं एक वाक्य असेल, त्याच्याच शब्दांत. त्या वाक्याला आकडा नसला तरी चालेल. आकडा शोधणं हे आमचं काम आहे, त्यांचं नाही. सुरुवातीला माणसं बोलायची नाहीत. साहेबांसमोर ‘हे चालणार नाही’ म्हणणं आपल्याकडे उद्धटपणा समजतात. पहिल्यांदा बोललेल्याचं नंतर काय होतं, हे सगळे बघत असतात. एका असेंब्लीवाल्या मुलीच्या वाक्यावर आम्ही एक डिझाइन मागे घेतलं आणि साहेबांनी बैठकीतच तिचे आभार मानले, त्यानंतर कुठे बाकीच्यांची तोंडं उघडली.

मग सौर पंप आले.

२०१९ मध्ये केंद्राची सौर कृषिपंपांसाठीची कुसुम योजना मंजूर झाली, आपल्या राज्यातही सौर कृषिपंपांच्या योजना सुरू झाल्या, आणि आमच्याकडे चौकशा येऊ लागल्या. तिथलं गणित विजेच्या पंपाच्या अगदी उलटं. वीज फुकट किंवा स्वस्त असेल तर शेतकऱ्याला कार्यक्षमतेचं सोयरसुतक नसतं, आणि ते बरोबरच आहे. सौर पंपात पाच हॉर्सपॉवरला ४८०० वॅटची पॅनल ठरलेली, आणि तेवढ्यातच पाणी काढायचं. केंद्राच्या निकषांत पंप मोजतात तोच मुळी पॅनलच्या दर वॅटमागे दिवसाला किती लिटर पाणी दिलं, यावर. फटीतून गळणारा प्रत्येक थेंब तिथे पकडला जातो.

विभागातल्या एका तरुण इंजिनिअरनं विचारलं, ‘‘मॅडम, आपण इतका कार्यक्षम पंप कधी केला होता का?’’

मी किल्ली काढली.

फाइल टेबलावर उघडली आणि शेवटचं पान आलं तेव्हा मी क्षणभर थांबले. ‘लाइट सरळ मिळाली तर.’ सौर पंपाच्या कंट्रोलरमध्ये नेमकं तेच असतं. ऊन कमी झालं की तो व्होल्टेज एकटंच पडू देत नाही, फ्रीक्वेन्सीही त्याच्याबरोबर उतरवतो, त्यामुळे मोटर हळू फिरते पण तिचा जोर टिकतो. सुरू होतानाही ती हळूहळू वेग घेते, झटका नाही. डीपीवर पन्नास ऑटो एकदम उठत नाहीत, कारण डीपीच नाही. ज्या कारणानं तो पंप रावेरात मेला होता, त्यातलं अर्धं कारण उरलंच नव्हतं. उरलेलं अर्धं म्हणजे वाळू, आणि तिच्याबद्दल फाइलमध्ये मी त्या वेळी मोजून आणलेले सगळे आकडे होते. कुठल्या फटीला किती तास, कुठल्या गावचं पाणी, झीज कुठून सुरू होते. आम्ही खडकाच्या भागासाठी तीच फट ठेवली आणि गाळाच्या भागासाठी वेगळं मॉडेल केलं, थोडं ढिलं, झीज सोसणाऱ्या रिंगा घातलेलं. या वेळी ट्रायल पूर्ण उन्हाळाभर चालली, आणि त्यातली एक त्याच काकांच्या शेतावर. मी फोन केला तेव्हा त्यांनी आधी नाही म्हटलं. मग दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. ‘‘पाठवा. पण या वेळी तुम्ही रोज फोन करायचा.’’

रोज केला. ते पाण्याचा रंगही सांगायचे.

पहिला लॉट निघाला तेव्हा मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना गाडी पाठवून कारखान्यात आणलं. त्यांनी पंप उघडायला लावला, फीलर गेज मागितली. नजर कमी झालीये, म्हणून गेजचा आकडा त्या तरुण मुलानं वाचून दाखवला. मग मी फाइलमधलं त्यांच्या सहीचं पान समोर धरलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘हे ठेवलंत तुम्ही?’’

गेल्या महिन्यात त्याच तरुण मुलानं स्वतःचा प्रकल्प बंद केला. मोटर कोरडी चालू नये म्हणून पाण्याची पातळी ओळखणारा एक सेन्सर, दीड वर्षाची मेहनत. क्षारांच्या पाण्यात त्यावर थर चढतो आणि तो पाणी असतानाही नाही म्हणतो. बैठकीत कुणी सांगायच्या आधी त्यानंच सांगितलं. संध्याकाळी बाकीचे गेल्यावर तो सेन्सर घेऊन माझ्या टेबलापाशी आला. मी त्याला सुतळी दिली, कोरं लेबल दिलं. पहिले दोन मथळे त्यानं भराभर लिहिले. तिसऱ्यापाशी पेन थांबलं.

‘‘मॅडम, कधी चालेल हे मला अजून नीट कळलेलं नाही.’’

‘‘मग आज नको लिहूस,’’ मी म्हटलं. ‘‘किल्ली तुझ्याकडे ठेव.’’